गाडी तापते म्हणून

गाडीवेड्या माणसाला घरातून एखादा खर्च मंजूर करून घ्यायचा असेल तर एकच शब्द पुरतो : कूलिंग. ‘जोरात पळावी म्हणून’ असं सांगितलं की आई देवापुढे दिवा लावते. ‘छान दिसावी म्हणून’ म्हटलं की वयाचा विषय निघतो. पण ‘अगं, तापते ती’ एवढं म्हटलं की विरोध मावळतो. ताप आलेल्या जिवाच्या औषधपाण्याचा हिशेब आपल्याकडे कोणी मागत नाही.

आमच्या सोसायटीतले डॉक्टर या शब्दाचा वापर फार कौशल्यानं करतात. डॉक्टर म्हणजे दातांचे. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक काम करायचं आणि संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये येऊन स्वतःच्या गाडीच्या तोंडात बारीक काम करायचं, असा त्यांचा दिनक्रम. गाडी टर्बोवाली हॅचबॅक. बाहेरून चारचौघींसारखी, आतून तिखट. त्यांचं गाडीबद्दलचं तत्त्वज्ञानही एका शब्दात सांगता येतं : ‘सटल.’

मॉड करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एका पंथाचे लोक डिकीवर एवढा मोठा पंख लावतात की मागचा ट्रकवाला आरशात न बघताही घाबरतो. दुसरा पंथ सटलवाल्यांचा. केलेलं काम कोणाला कळता कामा नये, हा यांचा धर्म. बंपरखाली दोन बोटं रुंदीची काळी पट्टी, डिकीच्या कडेला किंचित उंचवटा, जाळीमागे लपवलेला मोठा इंटरकूलर, बॉनेटवर गाडीच्याच रंगातल्या दोन झिरोळ्या. हे सगळं कोणाला दिसू नये अशा बेतानं बसवायचं आणि मग कोणाला दिसतंय का याची वाट बघत पार्किंगमध्ये रेंगाळायचं. चार-सहा दिवस कोणीच काही बोललं नाही की डॉक्टर मला गाठतात.

‘‘गाडीत काही वेगळं वाटतंय का?’’

‘‘धुतलीत वाटतं.’’

सटल काम उत्तम जमल्याचा हा खरं तर सर्वोच्च पुरावा. पण डॉक्टरांचा चेहरा पडतो.

वहिनी सीए आहेत. त्यामुळे त्यांचे प्रश्न भावनिक नसतात. ‘‘तापते कधी?’’ त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘ट्रॅकवर.’’ ‘‘कुठला ट्रॅक?’’ ‘‘कोइमतूरला आहे, चेन्नईला आहे.’’ ‘‘आपण गेलो होतो का तिथे?’’ ‘‘गेलो तर.’’ वहिनींनी हा खर्च ‘संभाव्य दायित्वे’ या सदराखाली टाकला आणि तात्पुरता मंजूर केला.

आता डॉक्टरांच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण गाडीचं आणि हवेचं नातं खरोखरच अवघड आहे. इंजिन थंड ठेवायचं तर हवा आत घ्यावी लागते. गाडी पळवायची तर हवा बाहेरच ठेवावी लागते. बंपरला पाडलेलं प्रत्येक भोक रेडिएटरला सुख देतं आणि वेगाकडून त्याची किंमत वसूल करतं. शिवाय हवा आत घेणं हे अर्धंच काम. ती बाहेर कुठून जाणार हा खरा प्रश्न. इंजिनाच्या कोठडीत हवा तुंबली की पुढे कितीही मोठं तोंड उघडा, नवी हवा आत शिरत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी बाहेर जाण्याची वाट करतो : रेडिएटरच्या मागे, बॉनेटवर जिथे दाब कमी असतो तिथे.

हवेचा दुसरा दुर्गुण म्हणजे आळस. रेडिएटरच्या दाट पात्यांतून वाट काढण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटणं तिला आवडतं. त्यामुळे गाडी थंड ठेवण्याचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी उपाय म्हणजे या फटी फोमच्या पट्टीनं बुजवणं, म्हणजे हवेला रेडिएटरमधून जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुसरा उपाय गाडीच्या पोटाखाली असतो. कंपनीनं तिथे काळं प्लास्टिक लावलेलं असतं. ते खालून जाणारी हवा सरळ ठेवतं आणि वरची गरम हवा ओढून न्यायला मदतही करतं. पण पहिल्याच ऑइल बदलीच्या वेळी मेकॅनिक ते काढतो, दोन क्लिपा हरवतो आणि ‘साहेब, हे उगाचच असतं’ म्हणून भिंतीला टेकवून ठेवतो. देशभरातल्या गॅरेजांच्या भिंतींना टेकून उभं असलेलं हे वायुगतिशास्त्र कोणी एकत्र केलं तर केवढं पेट्रोल वाचेल!

फोमची पट्टी आणि क्लिपा यांचा खर्च हॉटेलातल्या साध्या जेवणाएवढा. डॉक्टरांच्या यादीत मात्र या दोन्ही गोष्टी कुठेच नव्हत्या. कारण त्या खरोखरच सटल आहेत.

आपल्या लोकांना गाडीच्या कूलिंगचं अगत्य काही आज आलेलं नाही. बोरघाट चढताना खंडाळ्याच्या अलीकडे बॉनेट उघडून उभी असलेली फियाट हे एके काळी घाटाचं ठरलेलं दृश्य होतं. डिकीत पाण्याचा कॅन, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं, आणि ‘लगेच उघडू नका, भाजाल’ असं सांगणारा एक अनोळखी तज्ज्ञ. हा तज्ज्ञ प्रत्येक वळणावर असायचा. त्या पिढीतला एक उपाय आजही टिकून आहे : बॉनेटच्या मागच्या बिजागरीत वॉशर घालून काचेकडची कड बोटभर उचलायची. म्हणजे गरम हवा मागून निघून जाते. सिग्नलला उभं असताना जातेही. पण गाडी वेगात असली की काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि हवा त्या फटीतून बाहेर पडण्याऐवजी आतच घुसू पाहते. अमेरिकेत शेव्हर्लेनं याच जागेवरून इंजिनाला हवा पुरवणारी बॉनेटं विकली. म्हणजे कारखान्यानं जे दार प्रवेशासाठी ठेवलं, तिथे आमच्या लोकांनी ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी पाटी लावली.

असंच काहीसं नाका डक्टचं झालं. ही पृष्ठभागात खोदलेली त्रिकोणी वाट १९४५ च्या सुमाराला अमेरिकेच्या नाका या विमानसंशोधन संस्थेत अभ्यासली गेली. बाहेरच्या प्रवाहाला फारसा धक्का न लावता हवा आत घेणं हे तिचं वैशिष्ट्य. तिचं निमुळतं टोक पुढे आणि रुंद बाजू मागे असावी लागते. पण बाजारात चिकटपट्टीवर मिळणारा तयार डक्ट घेणारा माणूस विचार करतो की हवा गिळायची तर तोंड रुंद हवं, आणि रुंद बाजू पुढे करून तो चिकटवतो. आत भोक नसतंच, त्यामुळे नुकसान काही होत नाही. हल्ली तर कंपन्याही बंपरला काळ्या प्लास्टिकनं बुजवलेली खोटी भोकं देतात. गाडी तापत नसली तरी तापू शकते, असा रुबाब चेहऱ्यावर दिसला पाहिजे ना!

डॉक्टरांच्या डिकीवरच्या उंचवट्यामागेही थोर परंपरा आहे. पोर्शेनं १९७२ मध्ये ९११ कॅरेरा आरएस या गाडीच्या मागे बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला, कारण वेगात गाडीचा मागचा भाग उचलला जात होता. असली शेपटी कोण विकत घेणार, अशी धास्ती विक्री विभागाला होती. शर्यतीच्या नियमाला ५०० गाड्या पुरणार होत्या. खपल्या दीड हजारांहून जास्त. डॉक्टर हा दाखला नेहमी देतात. फरक एवढाच की त्या पोर्शेचं इंजिन मागे होतं आणि ओढणारी चाकंही मागचीच. डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. कष्ट पुढच्यांनी करायचे आणि वजन मागच्यांच्या डोक्यावर, ही व्यवस्था सरकारी कार्यालयात चालते, रस्त्यावर तिचा उपयोग मर्यादित.

पण ‘करायचं एक आणि सांगायचं दुसरं’ ही कला डॉक्टरांनी शोधलेली नाही. तिचे गुरू फार वरच्या दर्जाचे आहेत. १९७१ मध्ये अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी यांचा चालक बॉबी अन्सर फिनिक्सच्या ट्रॅकवर गाडीच्या संथपणावर वैतागला होता. गर्नींनी ॲल्युमिनियमची एक पट्टी काटकोनात वाकवून मागच्या पंखाच्या कडेला उभी ठोकली. अन्सर फेरी मारून आला. वेळ आधीइतकीच. इतरांनी सुटकेचा निश्वास सोडला. अन्सरनं मात्र गर्नींना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की मागची चाकं आता जमिनीला इतकी चिकटली आहेत की पुढच्यांना वळणं जमेना. पुढे तेवढाच दाब दिला की झालं. आणि लोकांनी विचारलं, ही पट्टी कशाला? तर गर्नींचं उत्तर तयार होतं : गाडी ढकलताना पोरांच्या हाताला पंखाची धार लागू नये म्हणून. बऱ्याच प्रतिस्पर्ध्यांना हे पटलं. काहींनी नक्कल करताना त्यात सुधारणा म्हणून पट्टी खालच्या बाजूला वळवली आणि स्वतःच्या गाड्या आणखी बिघडवून घेतल्या.

या कलेचा कळस मात्र कूलिंगच्या नावानंच झाला. १९७८ च्या फॉर्म्युला वन हंगामात लोटस ७९ ही गाडी सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या पोटाखालची पोकळी अशी घडवली होती की हवा गाडीला जमिनीकडे खेचायची. ब्रॅबहॅम संघाला हे करता येईना. त्यांचं आल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं इंजिन आडवं, पसरट. नेमक्या पोकळीच्या जागेवर ते ऐसपैस बसलेलं. त्यांचे रचनाकार गॉर्डन मरी, डर्बनमध्ये जन्मलेले. गाडीच्या मागे पंखा लावून पोटाखालची हवा उपसून काढली तर? १९७० मध्ये टेक्ससच्या जिम हॉल यांनी चॅपरल २जे या गाडीला स्नोमोबिलचं वेगळं इंजिन जोडून दोन पंखे चालवले होते. गाडी भन्नाट निघाली आणि तिच्यावर बंदी आली. फॉर्म्युला वनच्या नियमांतही हलणाऱ्या वायुगतिकीय भागांना मनाई होती. पण नियमात एक शब्द होता. ज्या वस्तूचा ‘मुख्य’ हेतू वायुगतिकीय असेल, ती हलता कामा नये.

वहिनींसारखा एखादा माणूस त्या संघातही असणार. मुख्य म्हणजे किती? निम्म्याहून जास्त. मग मरींनी रेडिएटर उचलून इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवला, मागे भलामोठा पंखा लावला, तो इंजिनाच्या ताकदीवर फिरवला आणि सांगितलं : हा पंखा रेडिएटर थंड करण्यासाठी आहे. त्यातून जाणारी निम्म्याहून जास्त हवा रेडिएटरमधूनच येते. उरलेली थोडी गाडीच्या पोटाखालून येते, त्याला आम्ही काय करणार? बनाव आणखी पटण्याजोगा होता, कारण त्या बीटी-४६ गाडीला कूलिंगची अडचण खरोखरच होती. आधी तिला नेहमीचे रेडिएटरच नव्हते. अंगावर सपाट पट्ट्या बसवून उष्णता घालवायचा प्रयोग केला होता. गाडी तापली, आणि शर्यतीला उतरवताना निमूटपणे पुढे साधे रेडिएटर लावावे लागले. ‘तापते हो’ असं खरोखर म्हणण्याचा अधिकार असलेला जगातला हा एकमेव खोटारडा संघ.

स्वीडनमधल्या आंडरस्टॉर्पला गाडी आणली तेव्हा पंखा कोणाला दिसू नये म्हणून त्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण ठेवलं. त्यानं सगळ्यांची नजर नेमकी तिकडेच गेली. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला की गाडी जमिनीवर बसायची. हे पाहूनही ‘कूलिंग’ म्हणायला धैर्य लागतं. पात्रता फेरीत चालकांना टाक्या काठोकाठ भरून पाठवलं, म्हणजे गाड्या फार पुढे दिसू नयेत. तरीही जॉन वॉटसन आणि निकी लाउडा दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवर आले. १७ जून १९७८ ला शर्यत झाली. लाउडानं ती तब्बल ३४ सेकंदांनी जिंकली. लोटसचा चालक मारिओ आंद्रेत्ती आणि इतरांची तक्रार अशी की हा पंखा मागच्यांच्या अंगावर धूळ आणि खडे उडवतो. संघांत भडका उडाला. ब्रॅबहॅमचे मालक बर्नी एक्लस्टन हेच सगळ्या संघांच्या संघटनेचं नेतृत्व करत होते. घरचं भांडण वाढू नये म्हणून त्यांनी गाडी मागे घेतली. लगोलग पंख्यांवर बंदीही आली. विजय मात्र कायम राहिला. एक शर्यत, एक विजय, आणि पंखा बंद.

मरी काही विसरले नाहीत. १९९२ मध्ये जगासमोर आलेल्या मॅक्लारेन एफ१ मध्ये त्यांनी मागच्या डिफ्यूझरजवळ दोन छोटे पंखे बसवले, ब्रेक दाबला की वर उचलला जाणारा छोटा स्पॉयलर दिला, आणि इंजिनाच्या कोठडीला आतून सोन्याचा पत्रा मढवला. सोनं उष्णता उत्तम परतवतं म्हणून. गाडीमागे साधारण १६ ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याच्या आसपास. हा तपशील डॉक्टरांनी वहिनींना मोठ्या उत्साहानं सांगितला. वहिनींनी शांतपणे विचारलं, ‘‘मजुरी धरून?’’ पुढे २०२० मध्ये मरींनी स्वतःच्या नावावर टी.५० ही गाडी आणली. तिच्या पाठीवर ४०० मिलिमीटरचा पंखा उघडपणे लावलेला आहे. झाकण नाही, सबब नाही. पण तिथपर्यंत पोचायला बेचाळीस वर्षं लागली. डॉक्टरांच्या लग्नाला अजून तेवढी झालेली नाहीत.

आता आपल्या रस्त्यांचा हिशेब. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा डॉक्टरांची पट्टी आणि उंचवटा मिळून ताशी २०० किलोमीटरला ५० किलोचा दाब देतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला गाडीसाठी १०० ची मर्यादा आहे. तिथे हा दाब साडेबारा किलो उरतो. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर गाडी २० नं चालते. तिथे उरतो अर्धा किलो. तेवढा दाब अर्धा किलो भेंडी डिकीत ठेवूनही मिळतो, आणि भेंडीची भाजी करता येते. उलट त्याच २० च्या वेगाला कूलिंगची गरज खरीखुरी असते, कारण वारा नसतो आणि सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर पडतो. म्हणजे डॉक्टरांनी वायुगतिशास्त्र ज्या वेगासाठी घेतलं तो वेग पुण्यात नाही, आणि पुण्यात जो वेग आहे त्याला वायुगतिशास्त्र लागत नाही.

कायद्याचाही विषय आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. डॉक्टर म्हणतात, सटल काम पोलिसाला दिसत नाही. पत्नीला दिसतं.

चूक एवढीच झाली की ब्रॅबहॅमची गोष्ट डॉक्टरांनी स्वतःच्या बचावासाठी वहिनींना सांगितली. वहिनींनी पंखा, लाउडा, स्वीडन हे सगळं बाजूला ठेवून त्यातली एकच गोष्ट उचलली : निम्म्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिलांची फाईल काढली. ‘‘हा ऑइल कूलर. हवा कशासाठी?’’ ‘‘कूलिंगसाठी.’’ ‘‘मान्य. ही काळी पट्टी?’’ ‘‘ती... थोडी हवा ब्रेककडे...’’ ‘‘किती टक्के?’’ डॉक्टर गप्प. मागच्या बंपरखालचा डिफ्यूझर आला. त्याला काम करायला सपाट तळ लागतो आणि डॉक्टरांच्या गाडीच्या तळाशी सायलेन्सर आणि स्टेपनीचा खड्डा आहे. टक्केवारी शून्य. मग त्यांनी फाईलीत नसलेला विषय काढला : गेल्या वर्षीची गोव्यातली दंतवैद्यकांची परिषद. मुख्य हेतू? डॉक्टर पाणी प्यायला उठले.

निकाल असा लागला की बॉनेटच्या झिरोळ्या, इंटरकूलर आणि ऑइल कूलर राहिले, पट्टी आणि डिफ्यूझर गेले. शिवाय वहिनींनी स्वतः नाना पेठेतून फोमची पट्टी आणि पोटाखालच्या प्लास्टिकच्या क्लिपा मागवून बसवून घेतल्या. गाडी खरोखरच थंड राहू लागली. भर उन्हात, एसी लावून, सिग्नलला. डॉक्टरांच्या आयुष्यातला सगळ्यांत भरवशाचा शब्द त्यामुळे निकामी झाला.

पण दातांचा डॉक्टर असा हार मानत नाही. परवा जिन्यात भेटले तर चेहरा गंभीर. म्हणाले, ‘‘ऑइल कूलर फारच चांगलं काम करतोय हो. तेल नीट तापलंच नाही तर त्यातली ओल उडून जात नाही, इंजिनाला ते फार वाईट.’’ ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणून तर चांगल्या ऑइल कूलरला थर्मोस्टॅट लावतात. ‘‘मग वहिनींना काय सांगितलंत?’’

‘‘सांगितलं,’’ ते आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘गाडी गारठते म्हणून.’’